गिझर लावला की दिवा मंद होतो, मग समांतर जोडणीत व्होल्टेज सारखं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. मुलीच्या शाळेच्या पुस्तकात लिहिलंय की रोध समांतर जोडले की प्रत्येकाच्या टोकांमधलं विभवांतर, म्हणजे व्होल्टेज, सारखंच असतं. मुलगी विचारते, धारा, म्हणजे करंट, वाटली जाते तर व्होल्टेज का वाटलं जात नाही? मोठ्या रोधाला जास्त व्होल्टेज मिळायला नको का? आणि पुस्तकातलं खरं असेल, तर आपल्या घरात बाथरूममधला गिझर लावल्यावर हॉलमधला दिवा मंद का होतो? घरातली वायरिंग समांतरच असते ना? तिच्या वडिलांना उत्तर जमलं नाही, म्हणून त्यांनी मला विचारलं.

मुलीने पुस्तक आणि घर दोन्ही नीट बघितलंय, म्हणून तिला तिसरा प्रश्न पडला. पुस्तकही खरं आहे आणि मंद होणारा दिवाही खरा आहे. पण ते कळायला व्होल्टेज म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल, कारण पहिल्या दोन प्रश्नांतला घोळ तिथेच आहे.

आपण सवयीने म्हणतो, ‘या रोधाला बारा व्होल्ट आहेत’, ‘त्या वायरीत दोनशे तीस आहेत’. बोलायला ठीक आहे, पण व्होल्टेज रोधाचं नसतं आणि वायरीचंही नसतं. ते दोन बिंदूंमधलं असतं. एकाच बिंदूचं व्होल्टेज विचारलं तर त्या प्रश्नाला अर्थच नाही. कुणाच्या तुलनेत, ते सांगायला हवं.

आम्हा वायरिंगवाल्यांना हे रोज दिसतं. एखाद्या खोलीतलं सगळं बंद पडलेलं असतं. सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर फेजच्या (वीज आणणाऱ्या तारेच्या) भोकात पेटतो, आणि न्यूट्रलच्या (परतीच्या तारेच्या) भोकातही पेटतो. नवा हेल्पर गोंधळतो. दोन्हीकडे करंट आहे, मग पंखा का फिरत नाही? कारण मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलाय, आणि त्या खोलीत एखाद्या उपकरणाचं बटण चालू राहिलंय. त्या उपकरणातून फेज न्यूट्रलच्या वायरीवर आलेली आहे. टेस्टर एकेक बिंदू जमिनीशी ताडून बघतो, तुमच्या शरीरातून. जमिनीच्या तुलनेत दोन्ही भोकं २३० व्होल्टवर आहेत, म्हणून तो दोन्हीकडे पेटतो. पण पंख्याला जमिनीशी काही देणंघेणं नाही. त्याला या भोकात आणि त्या भोकात किती फरक आहे एवढंच कळतं, आणि तो फरक आहे शून्य. मल्टिमीटरची एक तार इकडे आणि एक तिकडे लावली की हे लगेच दिसतं.

आता समांतर जोडणीकडे. तीन रोध घ्या: ४ ओहम, ६ ओहम आणि १२ ओहम. तिघांची डावी टोकं एकत्र पिळा, उजवी टोकं एकत्र पिळा, आणि दोन्ही पिळांना १२ व्होल्टची बॅटरी जोडा. डावीकडे टोकं तीन दिसत असली तरी विजेच्या हिशोबात तो एकच बिंदू आहे, कारण मधल्या तांब्याचा रोध जवळजवळ शून्य. उजवीकडेही तसंच. मग ४ ओहमच्या टोकांमधलं व्होल्टेज किती, ६ ओहमचं किती, १२ ओहमचं किती, हे तीन वेगळे प्रश्न उरतच नाहीत. डाव्या पिळात आणि उजव्या पिळात फरक किती, हा एकच प्रश्न तुम्ही तीनदा विचारताय. उत्तर तिन्ही वेळा एकच येणार. मल्टिमीटरची तार तुम्ही कुठल्या रोधाच्या पायाला टेकवली यानेही फरक पडत नाही, कारण पाय सगळे एकाच पिळात आहेत.

खोपोलीहून खंडाळ्याला जायला जुना हायवे आहे, एक्स्प्रेसवे आहे, आणि पाय मजबूत असतील तर डोंगरातली पायवाटही आहे. वळणं वेगळी, लांबी वेगळी, वाहतूक वेगळी. पण तुम्ही कुठल्याही वाटेने या, चढलेली उंची तेवढीच, कारण ती उंची वाटेची नाही, खोपोलीची आणि खंडाळ्याची आहे. समजा एका वाटेने चढ जास्त भरला असता, तर त्या वाटेने उतरून दुसरीने चढत राहायचं आणि फेरीगणिक फुकटची ऊर्जा खिशात घालायची, असं जमलं असतं. जगात असं होत नाही. विजेतही होत नाही. एका रोधातून डाव्या पिळापासून उजव्यापर्यंत जा आणि दुसऱ्या रोधातून परत या, तर एकूण चढउतार शून्यच भरला पाहिजे. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात कोनिग्सबर्गला शिकत असताना गुस्टाव्ह किर्खहॉफने १८४५ साली हे नियमाच्या रूपात मांडलं. पुस्तकातलं ‘समांतर जोडणीत विभवांतर समान’ हे वाक्य म्हणजे त्याच नियमाचं छोटं रूप आहे.

मग मोठ्या रोधाला जास्त व्होल्टेज मिळायला हवं असं मुलीला का वाटलं? कारण ते एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडणीत खरं असतं आणि पुस्तकात बहुतेक वेळा ते आधी येतं. एकसर जोडणीत एकच धारा सगळ्यांतून जाते, त्यामुळे रोध मोठा तसा त्याचा व्होल्टेजचा वाटा मोठा. डोक्यात ‘मोठा रोध, मोठं व्होल्टेज’ असं बसतं आणि पुढच्या पानावर तेच घेऊन मूल जातं. ओहमचा नियम दोन्हीकडे तोच आहे, व्होल्टेज बरोबर धारा गुणिले रोध. फक्त एकसर जोडणीत धारा सगळ्यांना सामायिक असते, तर समांतर जोडणीत व्होल्टेज सामायिक असतं. जे सामायिक आहे ते वाटलं जात नाही, दुसरं वाटलं जातं. म्हणून आपल्या तीन रोधांत १२ ला ४ ने भागून ३ अँपिअर, ६ ने भागून २ अँपिअर आणि १२ ने भागून १ अँपिअर. एकूण ६. मोठ्या रोधाच्या वाट्याला धारा कमी आली, व्होल्टेज जास्त नाही.

इथे आणखी एक गैरसमज लपलेला असतो आणि तो मला जास्त चिवट वाटतो. मुलांना वाटतं, बॅटरीतून ठरावीक धारा निघते आणि पुढे फाटे फुटले की ती त्यांच्यात वाटून संपते. मग नवा फाटा जोडला की बाकीच्यांचा घास कमी होणार, असा हिशोब ते करतात. बॅटरी असं वागत नाही. ती धारा ठरवत नाही, व्होल्टेज टिकवायचा प्रयत्न करते. धारा किती निघेल हे पुढे काय जोडलंय त्यावर ठरतं. आपल्या सर्किटमध्ये फक्त १२ ओहमचा रोध असता तर १ अँपिअर निघाली असती. शेजारी ६ ओहमचा जोडला की त्याची २ अँपिअर वरून येते, पहिल्याच्या एका अँपिअरला कोणी हात लावत नाही. ४ ओहमचा जोडला की आणखी ३. जितके फाटे वाढवाल तितकी एकूण धारा वाढते, म्हणजे तिन्ही मिळून रोध कमी होत जातो. ६ अँपिअरने १२ व्होल्टला भागा, २ ओहम येतात, सगळ्यात लहान रोधापेक्षाही कमी. समांतर जोडणीचं उदाहरण सोडवल्यावर उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षा मोठं आलं तर कुठेतरी चूक आहे, हे तपासायला कॅल्क्युलेटरही लागत नाही.

‘करंट कमी रोधाच्या वाटेने जातो’ हे वाक्यही कानावर येतं, आणि पुष्कळदा वायरमनच्याच तोंडून. करंट सगळ्या वाटांनी जातो. कमी रोधाच्या वाटेने जास्त जातो, इतकंच.

घरातल्या वस्तूंवर हे लावून बघू. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध साडेसव्वीस ओहमच्या आसपास. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना ८८० ओहमच्या जवळपास. दोघे समांतर आहेत, दोघांना २३० व्होल्ट मिळतात, आणि रोध कमी असलेला गिझर जास्त तापतो. हेच दोघे कोणी एकसर जोडले तर उलटा प्रकार होईल. बल्ब जवळजवळ पूर्ण उजेडात पेटेल, कारण २३० पैकी २२३ व्होल्ट तोच खाईल, आणि गिझरला सहा-सात व्होल्टच उरतील. पाणी थंडच राहील. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तिसरा प्रश्न. वर मी एक गोष्ट हळूच घातली होती: तांब्याचा रोध ‘जवळजवळ’ शून्य. या एका शब्दात मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

तेच सर्किट पुन्हा घ्या, पण बॅटरी लांब ठेवा. जाणारी वायर आणि येणारी वायर मिळून १ ओहम रोध आहे असं धरा. पिळांच्या पुढे तिन्ही रोध मिळून २ ओहम, वायरीचा १ ओहम त्यांच्याशी एकसर, एकूण ३. धारा आता १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. या चार अँपिअर धारेने वायरीतच ४ व्होल्ट खाल्ले. पिळांपर्यंत पोचले ८ व्होल्ट. आता तिन्ही रोधांवर मोजा: आठ, आठ आणि आठ. सारखंच! पुस्तक खोटं ठरलं नाही. फक्त ते बारा नाहीत.

पुढची पायरी म्हणजे ४ ओहमचा रोध काढून टाका, म्हणजे घरातला गिझर बंद करा. उरलेले ६ आणि १२ मिळून ४ ओहम होतात, वायर धरून ५, धारा २.४ अँपिअर. वायरीत आता २.४ व्होल्टच जातात आणि पिळांवर ९.६ व्होल्ट राहतात. ४ ओहमचा परत जोडला की पुन्हा ८. बाकीचे दोन रोध समांतरच होते, त्यांना कोणी हात लावला नाही, तरी त्यांचं व्होल्टेज ९.६ वरून ८ वर आलं. हॉलमधल्या दिव्याचं नेमकं हेच होतं. गिझर आणि दिवा जिथून वेगळे होतात तिथून पुढे दोघांना सारखं व्होल्टेज मिळतं. पण त्या फाट्याच्या अलीकडची वायर दोघांची एकच आहे, ती दोघांशी एकसर आहे, आणि गिझरची मोठी धारा त्या वायरीत जे व्होल्टेज खाते त्याचा भुर्दंड दिव्यालाही बसतो.

खऱ्या घरात हे किती असावं? २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. मीटरपासून घरातल्या मेन बोर्डापर्यंत वीस मीटर अंतर धरलं तर जाऊन-येऊन चाळीस मीटर वायर झाली, म्हणजे सुमारे ०.३ ओहम. गिझरच्या धारेने त्यात अडीच व्होल्टच्या आसपास जातील, साधारण एक टक्का. एवढ्याने दिवा मंद झाल्याचं सहसा डोळ्याला कळत नाही. जुन्या इमारतींत सापडते तशी १ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर सहा व्होल्ट जातील. पिवळ्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो, पाच टक्के व्होल्टेज गेलं तर पंधरा-सोळा टक्के उजेड जातो, त्यामुळे तिथे नक्की जाणवेल. चांगल्या एलईडी दिव्यातला ड्रायव्हर असा चढउतार सांभाळून घेतो. स्वस्त एलईडी मात्र लुकलुकतो.

म्हणून तुमच्या घरात दिवा डोळ्याला दिसेल इतका मंद होत असेल, तर तिकडे दुर्लक्ष करू नका. बहुतेक वेळा कारण वायरीच्या लांबीत नसतं, एखाद्या लूज जॉइंटमध्ये असतं. मेन स्विचच्या स्क्रूखाली वायर नीट आवळलेली नाही आणि तिथे १ ओहम रोध तयार झालाय असं समजा. गिझरची धारा त्यातून गेली की त्या स्क्रूवर ७० वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं आणि ते शिसं वितळवतं. इथे त्याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता एका स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत. मग टर्मिनल काळं पडतं, प्लास्टिकचा वास येतो, जॉइंट आणखी सैल होतो आणि रोध आणखी वाढतो. एमसीबी, म्हणजे धारा जास्त झाली की आपोआप पडणारा स्विच, यात मदत करत नाही, कारण धारा जास्त झालेली नाही, उलट थोडी कमीच झालीय.

दोष कुठे आहे हे शोधायला फाटा कुठे आहे एवढंच बघायचं. फक्त एका खोलीतलं सगळं मंद होतं, तर त्या खोलीच्या वायरीत. अख्खं घर मंद होतं आणि शेजाऱ्याचं नाही, तर मीटर ते मेन बोर्ड या टप्प्यात, किंवा खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीत. शेजाऱ्याने गिझर लावल्यावर तुमचा दिवा मंद होतो, तर तुमच्या दोघांच्या सामायिक लाइनीत, आणि ते काम वीज कंपनीचं. हे शोधणं परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. मुलीला प्रयोग करायचा असेल तर तो बॅटरीवर, त्याबद्दल शेवटी सांगतो.

गावाकडे हाच प्रकार मोठ्या मापावर चालतो. ज्याला सगळे डीपी म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो, म्हणजे एका फेजला न्यूट्रलच्या तुलनेत २५०. घरात मात्र २३० लागतात, मग वीस जास्तीचे कशाला? वाटेत जाणार आहेत म्हणून आधीच वाढवून दिलेले. वीज वितरणाच्या १९५६ च्या नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्याला सहा टक्के वर-खालीची मुभा दिली होती, म्हणजे २३० ला साधारण २१६ ते २४४. डीपीशेजारच्या घराला वरचा आकडा मिळतो, लाइनीच्या शेपटाला असलेल्या वस्तीला खालचा, आणि मधल्या सगळ्यांनी एकदम पंप लावले की त्याच्याही खालचा. कागदावर ही सगळी घरं एकाच लाइनीवर समांतर आहेत. पण दोन खांबांमधल्या तारेचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक छोटा एकसर रोध आहे, त्यामुळे प्रत्येक खांबावरचा बिंदू वेगळा आहे. जाता जाता एक सांगतो, शेतातल्या मोटारीला साध्या रोधाचा हिशोब लावू नका. रोधाचं व्होल्टेज उतरलं तर त्याची धाराही उतरते. पण मोटारीला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, म्हणून व्होल्टेज उतरल्यावर ती जास्त धारा ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागते ती त्यामुळे.

ही कटकट विजेच्या घरगुती वापराइतकीच जुनी आहे. एडिसनच्या आधीचे रस्त्यावरचे आर्क दिवे एकसर जोडलेले असत. एकच धारा सगळ्या दिव्यांतून फिरे आणि एकूण व्होल्टेज हजारोंच्या घरात जाई. घरात असं चालणार नव्हतं, कारण एक दिवा विझवायचा तर बाकीच्यांची सोय लावावी लागे. एडिसनने समांतर जोडणी धरली. पण दिव्याचा रोध कमी असता तर प्रत्येक दिव्याने भरपूर धारा ओढली असती, वायरीतच व्होल्टेज संपलं असतं आणि ते टाळायला मनगटाएवढं तांबं अंथरावं लागलं असतं. म्हणून त्याने जास्त रोधाची बारीक कार्बनची तार शोधली. १८८० च्या जानेवारीत मिळालेल्या त्याच्या पेटंटचा गाभा दिवा पेटवण्यात नाही, तर दिव्याचा रोध मोठा ठेवण्यात आहे. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ ला सुरू झालं, साधारण ११० व्होल्टवर. तिथेही केंद्राजवळचे दिवे प्रखर आणि लांबचे मंद होऊ नयेत म्हणून त्याने एक युक्ती केली. जाड वायरी केंद्रातून थेट वस्तीच्या वेगवेगळ्या ठिकाणी नेल्या, वाटेत त्यांच्यावर एकही दिवा जोडला नाही, आणि दिव्यांच्या वायरी त्या ठिकाणांपासून पुढे काढल्या. म्हणजे फाटा होता तो गिऱ्हाइकाच्या जवळ नेला. आजही चांगला वायरमन गिझरला आणि एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढतो, ते याच कारणाने.

आता न्यूट्रलची गोष्ट, कारण ‘समांतर म्हणजे सारखं’ हे वाक्य घोकून पाठ केलं तर इथे फसायला होतं. आपल्याकडे तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा येतात. एक घर एका फेजवर, शेजारचं दुसऱ्या, दोघांचा न्यूट्रल एकच. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०, पण दोन फेजमध्ये ४००. खांबावर हा सामायिक न्यूट्रल तुटला तर काय होतं? सोपेपणासाठी दोनच घरं धरू. एका घरात फक्त गिझर चालू, साडेसव्वीस ओहम. दुसऱ्यात टीव्ही, पंखा, चार्जर असं सगळं मिळून १०० वॉट, म्हणजे अंदाजे ५३० ओहम. न्यूट्रलची परतीची वाट बंद झाली, पण दोन्ही घरांचे न्यूट्रल एकमेकांना अजून जोडलेले आहेत. म्हणजे धारा पहिल्या फेजमधून गिझरमध्ये, तिथून शेजाऱ्याच्या घरात, आणि दुसऱ्या फेजला. दोन घरं एकसर झाली, ४०० व्होल्टवर. वरचं बल्ब आणि गिझरचं उदाहरण आठवा. मोठ्या रोधाला मोठा वाटा! गिझरला १९ व्होल्ट, आणि टीव्हीवाल्या घराला ३८१.

त्या घरातल्या टीव्ही, पंखा आणि चार्जर या तिघांचं व्होल्टेज अजूनही एकमेकांइतकंच आहे बरं का. तिघेही समांतर आहेत, तिघांना सारखेच ३८१ मिळतात आणि तिघेही सारखेच जळतात. नियम पाळला गेला, पण नियमाने एवढंच कबूल केलं होतं की व्होल्टेज सारखं असेल. ते २३० च असेल असं त्याने कधी म्हटलं नव्हतं. एखाद्या संध्याकाळी दिवे अचानक प्रखर झाले, पंखा जोरात पळू लागला, तर आधी मेन स्विच बंद करा आणि मग बाकीचं बघा.

शॉर्ट सर्किटमध्येही हाच नियम चालतो. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले म्हणजे जवळपास शून्य रोधाचा एक फाटा समांतर जोडला गेला. तिथून पुढच्या सगळ्यांना व्होल्टेज सारखंच, जवळजवळ शून्य. सगळं व्होल्टेज मागच्या वायरीत जातं, धारा शेकडो अँपिअर होते आणि एमसीबी पडते.

मोजण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण व्होल्टमीटर स्वतःच एक समांतर रोध आहे. आजच्या डिजिटल मल्टिमीटरचा रोध सहसा १० मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम. घरगुती सर्किटशेजारी तो जोडला काय, न जोडला काय, सारखंच. पण मुलीने १ मेगाओहमचे दोन रोध एकसर घेऊन १० व्होल्टला जोडले आणि एकावर मोजलं, तर पाच ऐवजी ४.७६ दिसेल. जुन्या काट्याच्या मीटरवर, ज्याचा रोध व्होल्टला वीस हजार ओहम असतो, दहाच्या रेंजवर दीडही दिसणार नाही. मीटर खोटं बोलत नाही. मीटर जोडल्यावर तिथे तेवढंच व्होल्टेज उरलेलं असतं.

याच कारणाने डिजिटल मीटर कधी भूत दाखवतं. एका पाइपातून बऱ्याच वायरी गेल्या असतील आणि त्यातली एक कुठेच जोडलेली नसेल, तरी मीटर तिच्यावर साठ-ऐंशी व्होल्ट दाखवतं. शेजारच्या जिवंत वायरींमुळे आलेलं हे व्होल्टेज इतकं दुबळं असतं की एखादा साधा बल्ब समांतर जोडला की शून्यावर येतं. मीटरचा एक कोटी ओहमचा रोध त्याला खाली ओढत नाही, म्हणून ते दिसतं. जुने वायरमन होल्डरमध्ये बल्ब लावून टेस्ट करायचे आणि फसायचे नाहीत, पण उघड्या तारांचं ते कामही धोक्याचंच. आता कमी रोधाची रेंज असलेले मल्टिमीटर मिळतात, ते घ्यावेत.

मुलीसाठी प्रयोग: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिची क्लिप, १ किलोओहम, २.२ किलोओहम आणि ४.७ किलोओहमचे रोध, आणि साधा मल्टिमीटर. तिन्ही समांतर जोडून प्रत्येकावर मोजायला सांगा. आकडा तिन्हीकडे एकच येईल, नव्या बॅटरीला नवाच्या आसपास. मग १०० ओहमचा एक रोध समांतर टेकवा आणि मीटरकडे बघा. आकडा सगळ्यांवर एकदम खाली येईल, जुनी बॅटरी असेल तर चांगलाच. बॅटरीच्या आतही रोध असतो आणि तो सगळ्यांशी एकसर असतो, घरातल्या सर्व्हिस वायरीसारखा. १०० ओहमचा रोध काही सेकंदच ठेवा, त्यात पाऊण वॉटहून जास्त उष्णता होते आणि साधा पाव वॉटचा रोध बोटाला चटका देईल. मग एकेक रोध काढत जाऊन प्रत्येक वेळी आकडा लिहून घ्यायला सांगा.

आणि परीक्षेपुरतं. प्रश्नात बॅटरीचा आतला रोध किंवा वायरीचा रोध दिलेला नसेल, तर तो शून्य धरायचा आणि समांतर रोधांवर बॅटरीचंच पूर्ण व्होल्टेज लिहायचं. दिलेला असेल, तर आधी समांतर रोधांचा मिळून एक रोध काढायचा, त्यात तो एकसर मिळवायचा, एकूण धारा काढायची, मग वायरीत गेलेले व्होल्ट वजा करायचे. उरलेला आकडा सगळ्या फाट्यांना सारखा, आणि प्रत्येक फाट्याची धारा त्या उरलेल्या आकड्याला भागून काढायची, बॅटरीवर छापलेल्या आकड्याला नाही.